२४९ ग्रॅमचा ड्रोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सात 'हक्क'

'पुणेकर ड्रोनप्रेमींनो, तुमचे हे सात हक्क माहीत आहेत का?' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन शहरातल्या कुठल्याही बागेत बिनधास्त उडवा, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, असा त्याचा एकूण सूर. दोन ग्रुपांवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग तोच मेसेज भाच्याने पाठवला. वर लिहिलं होतं, 'मामा, सगळं लीगल आहे. रविवारी संध्याकाळी बंडगार्डनला येतोस का? सनसेट मस्त येईल.' पोरगा इंजिनिअरिंगला आहे, वाचता येतं त्याला, तरी मूळ नियम उघडून बघावेत असं काही वाटलं नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिला हक्क: '२५० ग्रॅमखालचा ड्रोन कायद्याने खेळणं आहे, त्याला एकही नियम लागू नाही.'

यात थोडं तथ्य आहे, आणि बाकीचं सगळं त्याच्याच जोरावर खपतंय. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ड्रोन नियम राजपत्रात आले. त्यात २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो, आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचे मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही, उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विमाही लागत नाही. इथपर्यंत मेसेज बरोबर, मान्य. पण ही सगळी सूट कागदपत्रांतली आहे. सरकारी पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घेण्यातून नॅनोला वगळलेलं नाही. कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवायचं नाही, हे नॅनोलाही लागू. माणसं बसलेल्या विमानापासून कायम दूर राहायचं, हेही. आणि प्रत्येक उड्डाणाआधी सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर त्या जागेसाठी काही निर्बंध आहेत का ते बघणं उडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. नियम मोडले तर दंड एक लाखापर्यंत. खेळण्याला एवढं कशाला लिहून ठेवलं असतं?

शिवाय हे वजन म्हणजे ड्रोनवर जे काही लावाल त्यासकटचं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पात्यांभोवतीचं संरक्षक कडं लावा, नाहीतर जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी बसवा, की काटा अडीचशेच्या पुढे. म्हणजे तो मायक्रो, आणि विम्याची सूट गेली. गंमत अशी, की बागेत पोरंटोरं असतात म्हणून कडं लावावं तर वर्ग बदलतो, आणि वर्ग सांभाळावा तर पाती उघडी. मेसेज लिहिणाऱ्याने ड्रोन कधी वजनकाट्यावर ठेवलेला दिसत नाही.

आता दुसरा हक्क. खरं तर याच्यासाठीच मी लिहायला बसलो. '४०० फुटांपर्यंतचं आकाश सगळ्यांचं. पुणे शहर पूर्ण ग्रीन झोन आहे. विमानं हजार फुटांवरून जातात, ड्रोनची आणि त्यांची गाठ पडूच शकत नाही.'

तीन वाक्यं, तिन्ही खोटी.

४०० फुटांची मोकळीक फक्त पोर्टलच्या नकाशावर हिरव्या असलेल्या भागात, म्हणजे ग्रीन झोनमध्ये आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, त्यावर गेलात तर पिवळा झोन, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. आणि आठ किलोमीटरच्या आत हे दोनशे फूटही गृहीत धरायचे नाहीत. तिथे नकाशावर पिवळा नाहीतर लालच दिसेल. लालमध्ये परवानगी थेट केंद्र सरकारची. बंडगार्डन लोहगाव विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या कितीतरी आत आहे. कल्याणीनगर, विमाननगर, येरवडा इथल्या बागांचं तर बोलायलाच नको. सारसबागेसारख्या लांबच्या बागेतही '४०० फूट' हा आकडा डोळे मिटून धरायचा नाही, आधी अंतर मोजायचं.

आणि लोहगाव म्हणजे नुसता नागरी विमानतळ नव्हे. तो हवाई दलाचा तळ आहे, सुखोई तिथून उडतात, आणि हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. पिवळ्या झोनची परवानगी मागायची ती त्यांच्याकडे. बाकीचं पुणंही बघा. कॅम्पात दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकीला दारूगोळा कारखाना, पाषाणला आणि दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकवासल्याला एनडीए, येरवड्याला तुरुंग. अख्ख्या देशात 'पूर्ण ग्रीन झोन' म्हणायला या माणसाला हेच शहर सापडलं!

हजार फुटांचं गणित तर शाळकरी पोरानेही खोडावं. उतरणारं प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. म्हणजे धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते साडेआठशे फुटांच्या आसपास असतं आणि दोन किलोमीटरवर साडेतीनशेच्या. हजार फूट कुठे राहिले? हेलिकॉप्टरं याहून खालून जातात, आणि लढाऊ विमानं कधी कुठून वळतील हे बागेत उभ्या असलेल्या माणसाला कळायचा काही मार्ग नाही. त्यात ड्रोनच्या अ‍ॅपवर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. टेकडीवरून किंवा गच्चीवरून उडवला तर खालच्या जमिनीपासून तो त्याहून वर असतो.

यावर भाच्याचं उत्तर तयार होतं, 'अरे मामा, एवढंसं प्लास्टिक. विमानाला काय होणार?' तर ऐक. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सचा वणवा पेटला होता. आग बघायला एकाने पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन उडवला. तो जवळजवळ अडीच किलोमीटर लांब गेला आणि नजरेआड झाला. नंतर तो आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानावर आदळला, डाव्या पंखाला भोक पडलं. वैमानिक सुखरूप उतरले, पण विमान दुरुस्तीला गेलं, तेही आग भडकलेली असताना. उडवणाऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. ड्रोन कुठला होता? डीजेआय मिनी ३ प्रो, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आतल्या वर्गात विकला जातो तोच. या माणसाला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यालाही फक्त दृश्य हवं होतं.

तिसरा हक्क: 'बाग सार्वजनिक आहे, आपण टॅक्स भरतो, रखवालदाराला अडवायचा अधिकार नाही.' बाग सार्वजनिक आहे म्हणून तिथे कोणी लेदर बॉलने नेट प्रॅक्टिस करतं का? आकाशाचे नियम केंद्राचे असतील, पण पाय ज्या हिरवळीवर आहेत ती उद्यान विभागाची आहे. तिथे काय चालेल आणि काय नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा. रखवालदाराला ड्रोनचे वर्ग पाठ नसतात आणि कधी कधी तो उगाच दमदाटी करतो, हेही खरं. म्हणून त्याचं 'नाही' रद्द होत नाही. फारच खटकलं तर उद्यान विभागाला अर्ज करून लेखी विचारा.

आणि नियम सोडा, जरा माणसांकडे बघा. सकाळी बागेत हास्यक्लब असतो, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आज्या काठी टेकत फेऱ्या मारतात, वाळूत बारकी पोरं असतात. डोक्यावर मधमाश्यांसारखी घरघर आली की सगळ्यांच्या माना वर आणि पाय कुठेही. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये घरासमोरच्या बागेत ओळखीचाच माणूस ड्रोन उडवत होता. पातं झाडाला लागलं, ड्रोन फिरला आणि चालायला लागलेल्या वयाच्या एका मुलाचा डोळा गेला. आपल्या बागांत झाडं काय कमी आहेत?

चौथा, 'सार्वजनिक ठिकाणी कुणाचंही शूटिंग करता येतं.' बागेत फोनवर फोटो काढला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, हे कबूल. पण फोनवाला माणूस समोर दिसतो, त्याला 'ए, काय चाललंय' म्हणता येतं. तीस फुटांवर थांबलेल्या कॅमेऱ्याला काय म्हणणार? ओपन जिमवर व्यायाम करणाऱ्या बायकांवर तो स्थिरावला की त्या उठून जातात, हे मी बघितलंय. आणि बागेला लागून असलेल्या इमारतींच्या खिडक्या सार्वजनिक ठिकाण नव्हेत. तिथे एखाद्या बाईचे खासगी क्षण टिपलेत तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद.

पाचवा वाचून मी फोन खाली ठेवला. 'घार आली तर ड्रोन तिच्याच दिशेने न्या, ती घाबरून पळते.' घार घाबरत नाही. हिवाळ्यात घरट्यात पिल्लं असली तर ती ड्रोनवर झडपच घालते. मग पातीही तुटतात आणि पंखही, आणि दोन्ही खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर. घारी घिरट्या घालताना दिसल्या की ड्रोन पिशवीत.

सहावा, 'पोलीस नॅनोवर कारवाई करू शकत नाहीत.' करू शकतात. मोठ्या पाहुण्यांचे दौरे आणि सोहळे असले की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनवर मनाईचा आदेश निघू शकतो. तो मोडणं हा वेगळा गुन्हा, त्यात ग्रॅम कोणी मोजत नाही. शिवाय ड्रोन नियमांतच सोय आहे, की पोलिसांना एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करता येतो. काल हिरवा होता म्हणून आज हिरवा असेलच असं नाही. उड्डाणाआधी पोर्टल बघण्याची सक्ती त्यासाठीच.

राहिला सातवा, 'परदेशातून कुणाकडून मागवलेल्या ड्रोनला नोंदणी लागत नाही.' ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवरच बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद, आणि दुबईहून येणारा मावसकाका यांपैकी कशातच बसत नाही. भाच्याने आपला ड्रोन एका दुकानातून 'बिल नको, स्वस्तात देतो' म्हणून घेतलाय. त्याला सांगितलं, त्या दुकानदाराकडे परत जा आणि याची सरकारी पोर्टलवर नोंदणी होईल एवढं एका कागदावर लिहून माग. देतो का बघ.