बुडायला फिट

मला अलीकडे जुलाब झालेत का, हा प्रश्न परवा संध्याकाळी दादर पूर्वेच्या एका दवाखान्यात, बाकांवर बसलेल्या यच्चयावत रुग्णांसमक्ष, खणखणीत आवाजात विचारला गेला. विचारणाऱ्या होत्या काउंटरवरच्या ताई. झाले नव्हते. पण तेही मला दोनदा सांगावं लागलं, कारण पंखा खडखडत होता आणि ताईंना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

झालं होतं असं, की जोडून सुट्ट्या आल्या आणि मेहुण्यानं अंदमानचं काढलं. हॅवलॉकला जायचं आणि स्कूबा डायव्हिंग करायचं. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणे. शिक्षक मागून धरून असतो, पहिल्यांदा आलेल्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. मेहुणा तिशीतला आहे, त्याला सगळंच चालतं. बुकिंग झालं. एका कागदावर पोर्ट ब्लेअर, दुसऱ्यावर २०२४ सालापासूनचं श्री विजय पुरम; बेट एकीकडे हॅवलॉक आणि दुसरीकडे स्वराज द्वीप. माझ्या आईला अजून वाटतंय की आम्ही चार गावं फिरून येणार आहोत. ॲडव्हान्स गेला (परत न मिळण्याच्या बोलीवर) आणि मग डायव्हिंगवाल्यांनी तो फॉर्म पाठवला.

फॉर्ममध्ये दहा प्रश्न. फुप्फुसं, हृदय, कान, नाक, पाठ, पोट, डोकं, सगळ्यांची हजेरी. सगळीकडे ‘नाही’ लिहिता आलं तर सही करा आणि उड्या मारा. मेहुण्यानं रिक्षात बसल्या बसल्या दहा वेळा ‘नाही’ केलं. बायकोनं चहा उकळेपर्यंत. माझी गाडी दुसऱ्याच प्रश्नाला अडली: ‘माझं वय ४५च्या वर आहे.’ आहे. मग पुढची चौकट उघडा. सिगारेट? नाही. कोलेस्टेरॉल? बरं. ब्लड प्रेशर? गोळी चालू आहे. झालं. डॉक्टरची सही आणा.

त्यात वेळेचं गणित आधीच बोंबललेलं. बुडी मारून लगेच विमानात बसता येत नाही. एकदाच बुडलात तर निदान १२ तास थांबायचं, जास्त वेळा बुडलात तर १८, आणि बरेच जण सरळ २४ धरतात. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर दाब कमी झाला, की सोड्याची बाटली फोडल्यासारखा बुडबुडे होऊन बाहेर यायला बघतो. म्हणजे पहिला दिवस विमानतळ आणि बोटीत, शेवटचा दिवस अंगातला नायट्रोजन उतरायची वाट बघत बसण्यात. मध्ये उरते एक सकाळ. त्या एका सकाळसाठी मी जुलाबाचा हिशेब देत होतो.

तर दवाखाना. माझ्या शेजारी एक काका बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशात बसचा पास आणि मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, ते उलटं धरलेलं. जुलाबांचा निकाल लागल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि माझा फॉर्म सरळ स्वतःकडे ओढून घेतला.

“कुठे नोकरी लागली?”

“नोकरी नाही हो काका. अंदमानला चाललोय.”

“काय केलंत?”

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, सावरकर तिथे १९११ साली गेले तेव्हापासून मराठी माणसाला अंदमानचं दुसरं कारण सुचत नाही, त्याला माझा इलाज नाही. मी म्हटलं, सुट्टीला चाललोय, समुद्राखाली उतरायला, मासे बघायला.

“किती खाली?”

“१२ मीटर.”

“म्हणजे किती मजले?”

“चार.”

काकांनी डोळे मिटले. “आमची चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. म्हणजे तुम्ही खाली नळाशी उभे आणि पाणी गच्चीला टेकलेलं.”

“तसंच काहीसं.”

“आणि ह्याचे पैसे तुम्ही देणार, की ते?”

मी आकडा सांगितला. सांगायला नको होता असं नाही, पण त्यानंतर बाकावरच्या एकूण एक माणसाला तो पाठ झाला. “अहो, २६ जुलैला हिंदमाताला मी गळ्याएवढ्या पाण्यात चार तास होतो,” काका म्हणाले. “२००५ साली. एक पैसा नाही पडला. उलट सरकारनं नंतर तांदूळ दिले.” मग मासे कोणते दिसतात, ते खाता येतात का, नुसते बघायचे असतील तर क्रॉफर्ड मार्केटला काचेच्या पेट्या आहेत त्या बघितल्या आहेत का, अशी चौकशी झाली. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो ना, असं कुणीतरी विचारलं. नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते, असं मी सांगितल्यावर सगळ्यांना फसवणुकीचा वास आला.

“साधी हवा? आपण घेतो ती?”

“स्वच्छ केलेली.”

“मग ठीक. नाहीतर इथून भरून न्याल आणि पहिल्याच मजल्यावर खोकत बसाल.”

आता त्यांनी फॉर्म वाचायला घेतला. बोट ठेवून, मराठीत उलथा करत, मोठ्यानं. तिसऱ्या प्रश्नाला थांबले. “१.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालता का? कुठून कुठे?”

“कुठूनही.”

“असं कसं? रानडे रोडनं की सेनापती बापट मार्गानं? गणपतीच्या आधी की नंतर?”

याचं उत्तर माझ्याकडे खरंच नव्हतं. दादर स्टेशनाबाहेर १४ मिनिटांत १.६ किलोमीटर चालणारा माणूस असलाच, तर लोक त्याला चोर समजून धरतील. ज्यानं हा प्रश्न काढला त्याच्या गावात फुटपाथ असणार आणि त्या फुटपाथवर फुटपाथच असणार. गाऊन, कांदे-बटाटे, मोबाइलची कव्हरं आणि खणून ठेवलेला खड्डा नसणार.

चौथा प्रश्न कानांचा. इथे मात्र चूक कुणाची असेल तर ती काकांची, कारण कानाचं काय होतं हे त्यांनीच विचारलं. मी सांगितलं, की दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, कानाचे पडदे आत ढकलले जातात. म्हणून उतरताना दर थोड्या वेळानं नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच नाकात हवा ढकलायची. कानात टक् होतं आणि दाब सारखा होतो. व्हालसाल्व्हा नावाच्या इटालियन वैद्यानं १७०४ साली ही युक्ती लिहून ठेवली आहे.

“असं?” काकांनी नाक धरलं.

त्यांच्या पलीकडच्या बाईंनी धरलं. समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलानं धरलं, मग त्याच्या आईनं “हात धुतलेस का” म्हणत म्हणत स्वतःचंही धरलं. बघता बघता अख्खा दवाखाना नाक चिमटीत धरून, गाल फुगवून, डोळे वटारून एकमेकांकडे बघत बसला. मी “हळू, हळू, जोर नका लावू” असं ओरडत होतो. तेवढ्यात पलीकडच्या बाई उभ्या राहिल्या.

“टक् झालं!” त्या म्हणाल्या. “अगं बाई, पंखा वाजतोय!”

त्यांचा कान सर्दीनं कित्येक दिवस बंद होता आणि त्या त्यासाठीच आल्या होत्या. त्यांनी पिशवी उचलली, नंबराचं कार्ड काउंटरवर ठेवलं, मला “देव तुमचं भलं करो” म्हणाल्या आणि गेल्या. ताईंनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात तपासणीचे बुडालेले पैसे स्पष्ट दिसत होते. माझा नंबर पुढे यायला हवा होता. तो दोन माणसांनी मागे गेला. कसा, ते मी विचारलं नाही.

आत डॉक्टर. यांनी मला गोवर-कांजिण्यांपासून पाहिलेलं. फॉर्म वाचला, बीपी बघितलं, छातीला नळी लावली. म्हणाले, “उत्तम आहे.”

“मग सही?”

“अरे, मी सही केली आणि तू वर आलाच नाहीस, तर?”

असं म्हणून त्यांनी टीएमटी (म्हणजे पट्ट्यावर धावायला लावून हृदय तपासतात ती), छातीचा एक्स-रे आणि कानाच्या डॉक्टरांचं मत, अशी चिठ्ठी लिहिली. सहीचे पैसे वेगळे, ते सही झाल्यावर. तपासणीचे आत्ता.

खरं सांगू, डॉक्टरांचं चूक नाही हे मला कळतं. फॉर्मवाल्यांचंही नाही, बीपीचा माणूस पाण्याखाली आडवा झाला तर त्यांनी काय करावं? पण मला राग येतो तो भलत्याच गोष्टीचा. रोज सकाळी दादरला चर्चगेट फास्टमध्ये शिरताना माझ्या बरगड्यांवर किती वातावरणांचा दाब येतो, ते कुणी मोजलेलं नाही. तिथे मला कधी कुणी वय विचारलं नाही, गोळी चालू आहे का विचारलं नाही, श्वास येतोय का एवढंही नाही. फक्त पास विचारतात. जिवावरचं रोजचं आहे त्याला सही लागत नाही, आणि आयुष्यात एकदा हौसेनं रंगीत मासे बघायचे म्हटलं की आधी पट्ट्यावर धावून दाखवा. ऑफिसात सुट्टी मागितली तर साहेबानं “तब्येत बरी आहे ना?” म्हणून विचारलं, आणि ती चौकशी नव्हती.

मेहुणा म्हणतो, “दाजी, ‘नाही’ लिहा ना सगळीकडे, कोण बघतंय.” बायको म्हणते, तुम्ही बोटीत बसा, आम्ही जाऊन येतो, बॅगांजवळ कुणीतरी लागतंच. हे ऐकल्यापासून टीएमटी करायचीच, असं मी ठरवलं आहे.

दवाखान्यातून निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता. तेव्हापासून रोज पहाटे शार्कचा एक व्हिडिओ येतो, खाली ‘काळजी घ्या’ आणि दोन हात जोडलेले. काल विचारलंय, तिकडे सुरमई काय भाव. ब्लॉक करणार होतो. पण त्यांचा पुतण्या परळला टीएमटी जिथे करतात तिथेच कामाला आहे, आणि काकांचं नाव सांगितलं तर काहीतरी कमी करतो म्हणे.