उंडीचं तेल, गरम वाळू आणि बधिर चट्टा

आपल्याकडच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय, कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यावर उंडीचं तेल चोळा, वरून गरम वाळूचा शेक द्या, महिन्याभरात स्पर्श कळायला लागेल, आणि सरकारी गोळ्या बंद करा कारण बधिरपणा त्यांनीच वाढतो, गोळ्या संपल्या तरी तो राहतोच म्हणजे रोग गेलेलाच नसतो.

तेलाचं आधी. कुष्ठरोगाचे जंतू नसेच्या आत घुसून बसतात, वरून चोळलेलं तेल तिथे पोचत नाही. पण तेल फेकूनही देऊ नका, बधिर पायाला घाम येत नाही, कातडी सुकते नि भेगा पडतात, म्हणून रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवायचे, जाड कातडी हलक्या हाताने घासायची आणि ओल्यावरच तेल लावायचं, खोबरेलही चालतं.

शेक मात्र अजिबात नको!! जिथे चटका कळतच नाही तिथे गरम वाळू ठेवायची म्हणजे भाजून फोड येईपर्यंत पत्ता नाही लागणार, मग जखम, मग ती चिघळणार, बोटं झडतात म्हणतात ती अशाच न कळलेल्या जखमांमुळे. चुलीवरचा टोप फडक्याने धरा, एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या कातळावर अनवाणी चालू नका, मऊ रबराच्या एमसीआर चपला सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात त्या मागून घ्या.

आता गोळ्या. एमडीटी, म्हणजे याच सरकारी गोळ्या, एकाहून जास्त औषधं एकत्र, जंतू मारते, साधारण पाचपर्यंत चट्टे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. मधेच बधिरपणा वाढला, नस दुखायला लागली तर ती रिॲक्शन, म्हणजे आपल्याच शरीराच्या प्रतिकाराने नसेला आलेली सूज, ती कोर्स संपल्यावरही येऊ शकते. त्यावर डॉक्टर प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, देतात आणि काही महिन्यांत हळूहळू कमी करतात (मेडिकलमधून आपली आपण आणू नका, शुगर-बीपी वाढतं), पण एमडीटी चालूच ठेवायची. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर परत कळायला लागायची बरीच आशा असते, जुना असेल तर फारशी नाही, आणि तेल-वाळूत लोकांचा नेमका हाच वेळ जातो, माझा राग त्यावर आहे.

राहिलेला बधिरपणा म्हणजे नसेचं झालेलं नुकसान, कोर्स पूर्ण केलेल्या माणसापासून लागण होत नाही, त्याला घरात वेगळं ताट-पेला ठेवणं बंद करा.

करंगळी वाकायला लागली, बटण लावता येईना, पायातली चप्पल न कळता सुटून मागे राहते असं झालं तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा नाहीतर सरळ पीएचसीत जा.