पाऊस नाही म्हणजे धोका नाही, हे चूक आहे

चारधामला निघालेल्या आपल्या दारव्हा तालुक्यातल्या मंडळींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : "पाऊस नसेल तर हिमालयात दगड-चिखलाचा लोंढा येत नाही, नदीकाठी खुशाल मुक्काम करा." कृपया तो पुढे पाठवू नका.

आपल्या नाल्याला पूर पावसानंच येतो, म्हणून ते पटकन पटतं. पण ७ फेब्रुवारी २०२१ला उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात पाऊस नव्हता. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला. घसरताना घर्षणानं बर्फाचं पाणी झालं आणि लोंढा ऋषिगंगा, धौलीगंगेत उतरला. २००हून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. २०१३ला केदारनाथला पाऊस होताच, पण वर चोराबारी तलावाचा हिमोढाचा (हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीचा) बांधही फुटला.

म्हणून अभ्यासक आभाळाबरोबर उतार, हिमनदी मागे हटल्यावर उघडा पडलेला सैल गाळ आणि वरचे तलावही पाहतात. शिवाय नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखे पसरलेले जुने दगडगोटे. आधी लोंढा येऊन गेल्याची ही खूण तर आपल्यालाही ओळखता येते. तिथली सपाट जागा तंबूला छान वाटते. लेकरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन तिथं रात्र काढू नका.