मॉलचा चहा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘वाशिष्ठीकाठचा’,

(खरं नाव लिहिलं असतंत तर ‘राव’ म्हणायचं की ‘भाऊ’ हा घोळ झाला नसता. असो.)

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिपळुणात महामार्गाकडे चढावर जे शॉपिंग सेंटर आहे, त्यांनी गणपतीच्या दिवसांत बचत गटाच्या बायकांना फुकट टेबलं दिली, रक्तदान शिबिर घेतलं आणि तळमजल्यावरचं स्वच्छतागृह येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना खुलं ठेवलंय, याचं मी मागच्या लेखात कौतुक केलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च) आहे, कायद्यानेच करावं लागतं. दहा दिवस टेबलं देणारे उरलेलं वर्ष भाजीवाल्यांना फाटकासमोरून हुसकावतात. सांडपाणी मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातं. बाजारपेठेचं गिऱ्हाईक तुटलं. पाटीवर मराठी शोधावी लागते. बाजारपेठेच्या गावाने वाचनालय उभं केलं, मॉलने काय दिलं, फूड कोर्ट? आणि शेवटचं वाक्य: ‘मॉलचा चहा पिऊन लिहिलेला लेख दिसतो, बाजारपेठेत गल्ल्यावर बसलेल्या माणसाने असं लिहिलं नसतं.’

शेवटापासून सुरुवात करतो.

चहा मी पितो. दिवसाला किती, ते घरचे सांगतील. त्या सेंटरमधल्या कॉफीच्या दुकानात मात्र मी अजून बसलेलो नाही, बाहेर लावलेले दर वाचूनच परत फिरलो. मालकांशी माझी ओळख एवढीच की समोरून आले तर मान हलवतात. एखाद्याचं चार शब्द चांगलं लिहिलं की पाकीट मिळालं असणार, ही कुठली रीत? तुम्हाला मुद्दा मांडायचा होता ना? मग मुद्दा मांडा. माझ्या कपात काय होतं हे हुंगायला कशाला येता?

आणि गल्ला. माझ्या वडिलांचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मे संपता संपता माल उतरायचा, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आम्हा भावंडांना खेळायला सुट्टी नसायची. खाकी कव्हरांचे ताव कापायचे, लेबलं मोजून द्यायची, सुटे पैसे नसले तर खोडरबर द्यायचा. गल्ल्यावर बसल्यावर समोरच्या दुकानात आज किती पिशव्या गेल्या हे मान न वळवता कळतं, ती विद्या मलाही आहे. तेव्हा ‘गल्ल्यावर बसलेला माणूस’ कुठून येतो आणि काय लिहितो, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही.

२६ जुलै २००५ ला दुकानात पाणी आलं. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चढल्या, त्यात खाडीला भरती, आणि या वेळी पाणी माळ्यापर्यंत गेलं. आधीच्या वर्षीपासून कोरोनाने शाळा बंद, त्यामुळे माल पडूनच होता. लोखंडी कपाटातल्या वह्या पाणी पिऊन अशा फुगल्या की कपाटाचं दार उघडेना. पहारीने उचकटलं तेव्हा आतून विटांसारखे गठ्ठे निघाले. शंभर पानी, दोनशे पानी, एकेरी, दुरेघी, सगळ्याचा एकच लगदा. वडील बराच वेळ त्यातली एखादी वही सुटी होते का बघत होते. विम्याचे लोक आले, फोटो काढून गेले, जे मिळालं त्यात रंगकाम झालं असतं. पुढे गाळा विकला. म्हणजे गिऱ्हाईक तुटलं म्हणता, तर आमचं गिऱ्हाईक मॉलने नेलं नाही, नदीने नेलं.

त्या आठवड्यात बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. बाहेरगावाहून मदतीच्या गाड्या येत होत्या आणि त्यांना माल उतरवायला कोरडी जागा नव्हती. या सेंटरने पार्किंग रिकामं करून दिलं. पाण्याचे खोके, चादरी, डाळ-तांदूळ, फिनेल, सगळं तिथे उतरलं, तिथून वाटप झालं. माझे वडील तिथल्याच पायरीवर बसले होते, एकाच पायात चप्पल, आणि त्यांना कोणी ‘काय हवंय’ असं दुकानदारी सुरात विचारलं नाही. हा चहा म्हणायचा असेल तर हो, प्यालो.

आता सीएसआर. हा शब्द हल्ली मिठासारखा कशावरही भुरभुरतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक भरतं, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हे सेंटर दोन भावांची भागीदारी आहे. कंपनीच नाही, तर कलम कुठून लागणार? टीका करायच्या आधी निदान एवढं तरी बघावं.

टेबलांबद्दल तुम्ही ‘मागच्या अंगाला कोंबलेली’ असं लिहिलंत. मी गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे होतो. पुढच्या पडवीत, सरकत्या जिन्याच्या अगदी समोर, माटीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीचं, सामान मांडलं होतं: कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, तेरडा, शेरवड, सोबत आंब्याचे टाळे. एक काकू कांगण्यांचे घोस केळीच्या सोपाने बांधत होत्या. गाठ दातांनी आवळायची आणि उरलेला सोप कमरेला खोचायचा. मुंबईहून आलेले चाकरमानी उभ्या उभ्या विचारत होते, ‘हे सगळं माटीला लागतंच का?’ काकू न बघता म्हणाल्या, ‘तुमच्या आजीला विचारा.’ त्यांचं दुपारपर्यंत सगळं खपलं. रस्त्याच्या कडेला प्लास्टिक डोक्यावर धरून विकण्यापेक्षा हे वाईट कसं, ते मला समजावून सांगा.

आणि स्वच्छतागृहाबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. खेड्यातून एसटीने सकाळी आलेली बाई शेवटच्या गाडीपर्यंत बाजारात असते. ती दिवसभर पाणी पीत नाही. का पीत नाही, हे बाजारपेठेचा अभिमान सांगणाऱ्या कुठल्याही पुरुषाने आपल्या आईला विचारावं. आमच्या दुकानात येणाऱ्या बायका माझ्या आईला हळूच विचारायच्या आणि आई त्यांना मागच्या दाराने शेजारच्यांच्या घरी न्यायची. इतक्या वर्षांत आम्ही व्यापाऱ्यांनी तेवढीच सोय केली. सेंटरच्या दारावर रखवालदार ‘काय खरेदी केलीत’ असं विचारत नाही. मी लेख लिहिला तो मुख्यतः यासाठी.

पाटीचं म्हणता ते मात्र शंभर टक्के मान्य. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवरची देवनागरी मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा म्हणून बजावलं. इथे इंग्रजी नाव पार हमरस्त्यावरून दिसतं आणि मराठी वाचायला पायरीशी यावं लागतं. हे मी त्यांना सांगेन. बघा, तुमचं जे बरोबर आहे ते मी बरोबरच म्हणतो.

भाजीवाल्यांचं म्हणाल तर रस्ता सेंटरचा नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहर समिती आहे, तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असायचे आहेत. नगरपरिषदेत जाऊन विचारा ती समिती बसते का. रखवालदार काठी आपटतो हे मीही पाहिलंय, पण काठी आपटणं वेगळं आणि हुसकावणं वेगळं. सांडपाण्याचा विषय या लेखाचा नव्हताच. पगार, वाहतूक कोंडी वगैरे बाकीच्या मुद्द्यांवर पुन्हा कधीतरी.

वाचनालयाची तुलना तर मला कळलीच नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं आहे. दीडशे वर्षं ओलांडलेल्या संस्थेसमोर सात-आठ वर्षांची इमारत उभी करून ‘तू काय दिलंस’ विचारायचं, याला काय म्हणावं? २०२१ च्या पुरात त्याच वाचनालयाची पुस्तकं चिखलात गेली तेव्हा ती वाळत घालायला तुम्ही होतात का, हे मी विचारत नाही. तुम्हीच आठवून बघा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण माझ्या चहापाण्याचा हिशेब मांडणारी पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही, मग ती खाली नाव लिहून आली तरी. पऱ्याचे फोटो असतील तर पाठवा. पावसाळ्यातले नकोत, तेव्हा सगळेच पऱ्ये गढूळ असतात.