तिसऱ्या भाषेच्या वादात राहून गेलेली भाषा

महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याच्या एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयावरून उठलेला वाद, जूनअखेरीस तो मागे घेतला जाईपर्यंत, मी वेलिंग्टनमधून रोज वाचत होते. मराठीच्या बाजूने पुण्यातून जे लिहिले गेले ते बहुतांशी पटले. पण मूल स्वतःच्या भाषेतच नीट शिकते हा मुद्दा इतक्या पोटतिडकीने मांडला जात असताना, कर्णबधिर मुलांच्या भारतीय सांकेतिक भाषेचा उल्लेख माझ्या वाचनात कुठेच आला नाही, याचे फार वाईट वाटले.

पुण्यात पदवीपर्यंत शिकताना कोणत्याही सांकेतिक भाषेशी माझा संबंधच आला नव्हता. तो आला इथल्या विद्यापीठात, ऐच्छिक विषय म्हणून न्यूझीलंडची सांकेतिक भाषा निवडल्यावर. शिक्षिका स्वतः कर्णबधिर होत्या आणि पहिल्या तासापासून वर्गात बोलणे बंद होते. भुवया उंचावल्या की हो-नाहीचा प्रश्न, आकसल्या की 'कोण', 'कुठे', 'का'. हात अचूक चालले तरी चेहरा कोरा राहिला तर त्या वाक्य पुन्हा करायला लावत. व्याकरण असे चेहऱ्यावर उमटताना पाहिले आणि मला या विषयाचे वेडच लागले.

न्यूझीलंडने २००६ मध्ये कायद्याने या भाषेला अधिकृत दर्जा दिला. तरी इथे सारे आलबेल आहे असे नाही, कारण कायद्याचा ठोस हक्क मुख्यतः न्यायालयीन कामकाजापुरता आहे आणि दुभाषे पुरेसे नाहीत. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगतो, २०२० चे शैक्षणिक धोरण तिच्या प्रमाणीकरणाचा आग्रह धरते आणि दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोशही तयार आहे. उणीव आहे ती ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांना ही भाषा सहज शिकता येईल अशा वर्गांची.

मुलांवर भाषांचे ओझे नको, हा आक्षेप पहिलीच्या वर्गाबाबत रास्त आहे, म्हणून शाळेत सक्ती मी मागत नाही. मात्र ज्या शहरात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन आणि जपानी हौसेने शिकली जाते, तिथल्या महाविद्यालयांत श्रेयांकांसह हा ऐच्छिक विषय का नसावा? शिकवण्याचे काम कर्णबधिर शिक्षकांकडेच द्यावे आणि त्यासाठी पदव्यांच्या अटी शिथिल कराव्यात. कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेनंतर जगभर रुजलेल्या ओठ वाचून बोलायला लावण्याच्या पद्धतीमुळे, त्यांच्यापैकी अनेकांना शाळेतच स्वतःच्या भाषेत शिकू दिले गेले नाही, आणि त्या पदव्यांपर्यंतची वाट तिथेच अडली.