झाडाखाली बसून सर्व्हे कसा करावा

एमबीबीएसला लागलात? अभिनंदन. आता पीएसएमचं, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनचं (एकेक पेशंट नव्हे, अख्ख्या गावाच्या आरोग्याचा विषय), काय करायचं ते नीट ऐका, सीनियर अर्धवटच सांगतात. हल्ली त्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, पण नाव बदललं तरी तो विषय परीक्षेआधी पंधरा दिवसांत उरकायचा असतो आणि त्याचं लेक्चर ही रात्रीची झोप भरून काढायची जागा असते, यात काही फरक पडलेला नाही. जॉन स्नो हा इंग्रज डॉक्टर तेवढा पाठ करा. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, कॉलरा. हा माणूस कोण कुठलं पाणी पीत होतं ते घरोघर जाऊन विचारत बसला, मेलेल्यांच्या खुणा नकाशावर केल्या आणि शेवटी पंपाचा दांडा काढायला लावला. जवळच्याच बियरच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते, बियर प्यायचे. पोरांच्या लक्षात एवढंच राहतं, तुमच्याही राहू द्या. घरोघर जाण्याचं काय ते विसरून जा.

मग फील्ड व्हिजिट. कॉलेजची बस गावात सोडते, ऊन मी म्हणत असतं, कुत्री मागे लागतात आणि हातात फॅमिली सर्व्हेचा जाडजूड फॉर्म. नवखी पोरं इथेच फसतात, खरंच कुणाच्या तरी घरात शिरतात. तुम्ही सरळ देवळासमोरचा पार गाठा, चहा सांगा आणि भरायला घ्या. पण डोकं वापरून हां. सगळ्या गावाचं बीपी १२०/८० लिहिलंत तर सरांना लगेच कळतं, त्यांनीही त्यांच्या काळात तेच लिहिलेलं असतं. कुणाला ११८ द्या, कुणाला १२६, एखाद्या आजोबांना १५० द्या म्हणजे सल्ल्याच्या रकान्यात 'मीठ कमी खा' लिहिता येतं. संडास आहे, वापरतात. पाणी गाळून, उकळून पितात. हात सगळेच धुतात, साबणानेच, जेवणाआधी न चुकता. एवढं निरोगी गाव तुम्ही कधी पाहिलं नसेल, मी पण नाही, कारण मी पारावरच होतो.

पुढे पीजी केलंत तर थिसिस आहेच. विषय: 'अमुक भागातील महिलांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण'. अमुकच्या जागी दरवर्षी नवीन गाव टाकायचं, बस. सॅम्पल साइझ ३८४. का ते विचारू नका, फॉर्म्युल्यात ५० टक्के आणि ५ टक्के एरर टाकला की ३८४ च येतो, त्याला देवाचा प्रसाद समजा. निष्कर्ष आधीच टाइप करून ठेवला तरी चालतो: महिलांमध्ये ज्ञान कमी आहे, जनजागृतीची गरज आहे. हँडपंप दोन वर्षं बंद आहे हे लिहायला फॉरमॅटमध्ये जागा नसते, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो.

काही लोक मात्र ऐकतच नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग दोन गावांत गेल्या, ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आहे, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. म्हणजे बघा, कुणी विचारलं नव्हतं तोवर सगळं कसं छान चाललं होतं! तिथेच डॉ. अभय बंग आणि मंडळींनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवलं, बाळ किती श्वास घेतं ते मोजायला (हो, मोजायलाच, मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं या लोकांनी), आणि १९९९ च्या पेपरात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आता आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात त्याचं मूळ इथलंच. एवढी दगदग, आणि फॉर्म पारावर बसून भरता आला असता.

सरकारी नोकरी मिळाली तर अपूर्णांकाकडे लक्ष द्या. वर अंश, म्हणजे किती मेले; खाली छेद, म्हणजे एकूण लोकसंख्या. छेदाची काळजी नको, २०२१ ची जनगणना २०२१ ला झालीच नाही, त्यामुळे लोकसंख्या म्हणून अंदाजच लावायचा असतो. राहिला अंश, तो कमी कसा ठेवायचा ते टेबलावर बसल्या बसल्या समजतं. कोविडचंच घ्या. २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू (एरवी होतात त्यापेक्षा जास्तीचे) झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, आपला कोविड मृत्यूंचा अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास, आणि सरकार म्हणालं तुमचं मॉडेलच चूक. असेलही चूक, मॉडेलच ते. पण हा वाद रंगवायचा असेल तर गावात माणूस गेला की कशाने गेला हे कुणी नीट लिहून ठेवता कामा नये, एकदा का नोंद पक्की झाली की मॉडेलही लागत नाही आणि वादाची मजाही जाते.

पाण्याचं पण तसंच, आधी तपासू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात लोकांचे पाय लुळे पडायला लागले, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार), पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू निघाला आणि मग सगळ्यांना विहिरी, टँकर, क्लोरीन आठवलं. राष्ट्रीय विषाणू संस्था त्याच शहरात आहे, तेव्हा जंतूचं नाव तरी लवकर कळतं.

आणि चुकून घरात शिरलातच तर? मी एकदा शिरलो होतो, पारावर गर्दी होती म्हणून. म्हातारी शेंगा फोडत होती. मी फॉर्म काढला, नाव, वय, बीपी, मग 'अपत्ये किती'. ती हात थांबवून म्हणाली, "झालेली सांगू का जगलेली?"

फॉर्ममध्ये चौकोन एकच होता. मी तिला म्हटलं, जगलेली सांगा आजी. चार, म्हणाली. झालेली किती ते तिनं न विचारता सांगितलं, नावं पण सांगितली, ज्यांची ठेवली होती त्यांची, मला बसला उशीर होत होता. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्या फॉर्मवर 'गुड' मिळालं.

म्हणून सांगतो, पारावरच बसा.