लिंबू, सोडा, कोवळं ऊन: त्या फॉरवर्डचा हिशेब

घरोघरच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: रोज सकाळी अर्ध्या लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा घालून चेहऱ्यावर चोळा, फेस आला की मळ निघाला समजा. मग साबणाने करकरीत धुवा. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा, त्यात नैसर्गिक एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) असतो. कोवळ्या उन्हात बसा. सनस्क्रीन गोऱ्यांसाठी, आपल्या सावळ्या कातडीला त्याची गरज नाही, उलट त्याने ‘ड’ जीवनसत्त्व अडतं. एवढं करूनही डाग राहिलेच तर मेडिकलमधून डागांची ट्यूब आणा.

आधी फेस. तो मळाचा नसतो. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. स्वच्छ वाटीत करून बघा, तितकाच फसफसतो. अर्ध्या कागदी लिंबातून साधारण दोन छोटे चमचे रस निघतो, त्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आम्ल असतं आणि ते पूर्ण शमवायला पाऊण ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. म्हणजे चिमूटभर सोड्यात आम्ल शिल्लक राहतं आणि चमचाभर घातला तर सोडा शिल्लक राहतो. तोही एवढ्याशा रसात विरघळत नाही, आणि ते न विरघळलेले कण आपण गालावर घासतो. त्वचेच्या वरच्या थराचा सामू (पीएच) साधारण 5 असतो. लिंबाचा 2 ते 2.5, सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर. प्रमाण कसंही घ्या, नेमका 5 वर येण्याचा योग विरळाच.

पण खरा धोका आंबटपणाचा नाही, उन्हाचा आहे. लिंबात, विशेषतः सालीतल्या तेलात, फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. रस पिळताना ते तेलही बोटांवर आणि वाटीत उतरतं. त्यावर उन्हातले यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडले की त्वचा अक्षरशः भाजते. आग, लाली, कधी फोड, आणि नंतर तपकिरी ओघळ, जे उतरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. हा भाजका लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उमटतो. त्यामुळे दोष लिंबाला न देता ‘ऊन लागलं’ म्हणून मोकळे होतात, आणि डाग घालवायला पुन्हा लिंबूच चोळतात. फॉरवर्डमध्ये लिंबानंतर ‘उन्हात बसा’ लिहिलंय, हा क्रम लावणाऱ्याला सलाम.

साबणाने करकरीत धुणं. साध्या साबणवडीचा सामू 9 ते 10. वेष्टनावरचा ‘टीएफएम 76 टक्के’ हा आकडा साबणातल्या स्निग्धांशाचा आहे, सौम्यपणाचा नाही. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर कॅल्शियमशी मिळून साबणाचा चिकट थर बसतो, बादलीच्या कडेला पांढरा दिसतो तोच. तो चेहऱ्यावरही राहतो, मग ओढल्यासारखं वाटतं आणि माणूस आणखी साबण लावतो. रात्री चेहरा धुऊन झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सकाळी घाम आणि थोडं तेल, एवढंच असतं. कोरड्या त्वचेला नुसतं साधं पाणी पुरतं. तेलकट असेल तर हरभऱ्याएवढं सौम्य फेसवॉश, अर्धा मिनिट, घासणी-स्क्रब नाही. सुती पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर: तेलकट त्वचेला जेल, कोरडीला क्रीम. टोनर, एसेन्स वगैरे हौस असेल तर लावा, त्यावाचून काही अडत नाही.

खोबरेल तेलाच्या एसपीएफची गोष्ट हवेतून आलेली नाही. 2010 साली छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा आकडा 7 ते 8 च्या आसपास आला होता. मात्र तो यंत्रावर, तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून मोजलेला. सनस्क्रीनचा एसपीएफ माणसाच्या पाठीवर, चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या प्रमाणात लावून, त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो यावर ठरतो. हे दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय 7 खरा धरला तरी कामाच्या मानाने तोकडाच. भेगाळलेल्या टाचांना आणि कोरड्या हातांना खोबरेल उत्तम. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर ते रोमछिद्रं बुजवतं, आणि केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरलं तरी तिथे बारीक पुरळ येतं.

सावळ्या त्वचेला सनस्क्रीन नको, यात अर्धं सत्य आहे. त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आपण गोऱ्यांइतके लवकर भाजत नाही, त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही बराच कमी. पण आपली तक्रार मुळात भाजण्याची नसते, वांग आणि पुटकुळीमागे राहणाऱ्या काळ्या डागांची असते. ते यूव्हीएने गडद होतात आणि सावळ्या त्वचेत साध्या दृश्य प्रकाशानेही. यूव्हीए खिडकीच्या काचेतून आत येतो. म्हणून एसपीएफ 30 ते 50 आणि सोबत पीए+++ (यूव्हीएपासून संरक्षणाची खूण) किंवा त्याहून जास्त. 30 ने 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजवणारे अतिनील किरण) अडतो, 50 ने 98, तेव्हा 50 च्या वरच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नका. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, ते दृश्य प्रकाशही अडवतं आणि सनस्क्रीनमधल्या झिंकचा राखाडी पांढुरकेपणाही झाकतं.

बहुतेकांचं चुकतं ते मात्रेत. तर्जनी आणि मधल्या बोटावर, टोकापासून मुळापर्यंत, एकेक पट्टी काढा: चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं, ग्रॅमभराहून थोडं जास्त. या हिशेबाने 50 ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. ती सहा महिने पुरत असेल तर 50 चा आकडा ट्यूबवरच राहिला. एकदम थापलं की चोळताना सनस्क्रीनच्या शेवयांसारख्या वळ्या निघतात. त्याचं कारण बहुधा खालचं मॉइश्चरायझर मुरलेलं नसतं. पाच मिनिटं थांबा, मग एक पट्टी पसरवा, जरा वेळाने दुसरी. कान, मानेची मागची बाजू आणि जबड्याची कड विसरू नका. बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावावं, उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. हेल्मेटच्या पट्ट्याने हनुवटीवरचं पुसलं जातं. आणि हो, दुचाकीवर पुण्याच्या मुली बांधतात तो घट्ट विणीचा स्कार्फ कुणी कितीही चेष्टा करो, काम चोख करतो.

‘ड’ जीवनसत्त्व यूव्हीबीने तयार होतं आणि सकाळी सातच्या उन्हात यूव्हीबी नगण्य असतो, कारण तिरप्या किरणांना ओझोनमधून लांबचा पल्ला पडतो. सोपी खूण: आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तोवर त्या उन्हातून ‘ड’ फारसं मिळत नाही. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, ते जरूर घ्या. पण ‘ड’साठी उन्हात जायचं तर थोडं उशिरा, हात-पाय उघडे ठेवून; चेहऱ्यावर सनस्क्रीन असलं तरी बिघडत नाही. कमतरतेची शंका असेल तर रक्त तपासा.

राहिली डागांची ट्यूब. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं की ट्यूब खाली ठेवा. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचा नियम आहे, पाळला किती जातो ते काउंटरवर दिसतंच. पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो, म्हणूनच ही ट्यूब शेजारीपाजारी सुचवली जाते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. आणि थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. महिनोनमहिने वापरत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण कोणतं स्टेरॉइड आणि किती दिवस, यावरच ती कशी सोडवायची हे ठरतं.